वारस कोण? कायदा ठरविणार की आपण?

आपल्या वस्तीत माणूस गेला की जलदान विधी होतो, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, चार वक्ते दिवंगताच्या कार्याचा गौरव करतात. पाहुणे आपापल्या गावी परतले की घरात पहिला प्रश्न निघतो. खोली कोणाच्या नावावर करायची? त्यामागोमाग दुसरा. बापाच्या फंडाचे पैसे कोणी काढायचे? जिवंतपणी साध्या कागदावर तासाभरात सुटला असता असा हा प्रश्न पुढे दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे चालतो. बहिणीचे भावाकडे येणे बंद होते. चुलतभाऊ एकाच विहारात दोन टोकांना बसतात. वकिली करताना अशी घरे मी इतकी पाहिली आहेत की आता पक्षकार ‘मॅडम, जरा घरगुती मॅटर आहे’ म्हणाला की पुढचे सगळे आधीच कळते.

मृत्युपत्राचा विषय काढला की आपली माणसे हसतात. ‘विल करायला आम्ही काय कारखानदार आहोत?’ हा ठरलेला सवाल. बांधवहो, जरा हिशेब मांडून पाहा. रेल्वेत, पोस्टात, एसटीत, महापालिकेत, बँकेत तीस-पस्तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाकडे भविष्य निर्वाह निधी असतो, ग्रॅच्युइटी असते, विम्याची पॉलिसी असते, उपनगरात एक सदनिका असते, गावी सात-बारावर आण्यापैशाचा वाटा असतो. आपल्या अनेक घरांत नावावर मालमत्ता असणारी ही पहिली किंवा दुसरी पिढी आहे. पिढ्यान्‌पिढ्या सावकारी आणि जमीनदारी केलेल्या घरांत कागद कसा सांभाळायचा हे पोरांना लहानपणापासून दिसते. आपल्याकडे कागद नवा आहे, म्हणून तो सांभाळण्याची सवयही नवी लावून घ्यावी लागेल. दुसरी अडचण भीतीची. मृत्युपत्र लिहिले की मरण जवळ येते, असे मला धम्मदीक्षेला दोन पिढ्या झालेल्या घरातही ऐकावे लागते. अनित्यतेवरचे प्रवचन डोळे मिटून ऐकायचे आणि घरी येऊन या समजुतीला घाबरायचे, याला काय म्हणावे?

मृत्युपत्र नसेल तर काय होते, ते आधी पाहू. तसे झाले तर कायदा आपल्या वतीने वाटणी करतो. बौद्धांना यात हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात बौद्ध, जैन आणि शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आपला वेगळा कायदा असावा की नाही हा मोठा वाद आहे आणि त्यावर मी इथे लिहिणार नाही. तोवर प्रत्यक्षात काय आहे ते माहीत हवे. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९५१ साली कायदामंत्रिपद सोडले. त्या बिलाचे पुढे तुकडे करून जे कायदे झाले त्यांतला हा एक, १७ जून १९५६ पासून लागू झालेला. म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या चार महिने आधी. पुरुष मृत्युपत्राविना गेला तर त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, सर्वांना सारखा वाटा. आई त्यात आहे, बाप नाही. बाप दुसऱ्या वर्गात. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा वाटा जात नाही. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत जन्माने हिस्सा मिळण्यासाठी मात्र मुलीला फार थांबावे लागले. महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित मुलींपुरती सुरुवात केली, केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून सर्व मुलींना तो हक्क दिला. त्या तारखेला बाप जिवंत हवा की नको हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात २०२० साली मिटविला. जिवंत असण्याची अट नाही.

कोणी नातेवाईक ‘तुम्ही बौद्ध झालात, तुमचा वाटा गेला’ असे धमकावत असेल तर ते साफ खोटे आहे. या कायद्याच्या दृष्टीने बौद्ध हा त्या कायद्याच्या बाहेर गेलेला नसतो.

आता खरी मेख. हा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एकच कुटुंब होते. नवरा, बायको, त्यांची मुले आणि म्हातारी आई. त्या चौकटीत बसणाऱ्याला कायदा बऱ्यापैकी न्याय देतो. पण आपल्या वस्त्यांत डोकावून पाहा. नवऱ्याने टाकलेली बाई मुलीला घेऊन माहेरी राहते. विधुराने दुसरे लग्न केले आणि दोन घरची मुले एका ताटात जेवतात. बिनलग्नाचा कार्यकर्ता बहिणीच्या मुलाला शिकवतो. या सगळ्यांना कायद्याची वाटणी लागू होते, आणि बहुतेकांच्या मनाविरुद्ध लागू होते.

टाकलेल्या बाईचे उदाहरण घ्या. ती अंगणवाडीत किंवा दवाखान्यात नोकरी करते, वीस वर्षे नवऱ्याचे तोंड पाहिलेले नाही, पण घटस्फोट झालेला नाही. तिने पै पै जोडून घर घेतले. उद्या ती मृत्युपत्राविना गेली तर कलम १५ प्रमाणे तिच्या मुलांबरोबर तो नवराही सारखा वाटेकरी. मूलबाळ नसेल तर सगळे त्याचे. आणि तोही आधीच मेला असेल तर? तर त्याचे वारस, म्हणजे दीर, नणंद, पुतणे. त्यांच्यानंतर तिचे स्वतःचे आईबाप. तिला आईबापांकडून वारशाने मिळालेली मालमत्ता, मूल नसल्यास, बापाच्या वारसांकडे परत जाते; पण तिच्या स्वकमाईला ही सवलत नाही. हे पुस्तकातले भय नव्हे. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेल्या, सासरच्यांनी हाकलून दिलेल्या आणि माहेरच्यांनी शिकवून नोकरीला लावलेल्या बाईच्या स्वकमाईचा वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ती कमाई सासरच्यांच्या पदरात टाकली. सहानुभूतीने कायदा बदलत नाही, असा त्या निकालाचा सूर. कायदा मंडळींनी लिहिला तो लिहिला, पण ज्यांनी तिला घराबाहेर काढले तेच वारस, हे वाचताना आजही माझा हात थरथरतो. या कलमाला दिलेल्या आव्हानावरील सुनावणीत नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच महिलांना, विशेषतः हिंदू महिलांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले. या कायद्यापुरत्या त्यात आपल्या बौद्ध भगिनीही आल्या. कायदा कधी बदलेल तेव्हा बदलेल. दोन साक्षीदारांसमोर सही केलेला एक कागद दिराचा वाटा आजच संपवितो.

इथे काडीमोडाचाही विषय निघतो. शंभराच्या, आणि २०२४ नंतर पाचशेच्या, स्टॅम्पपेपरवर पंचांसमोर फारकत लिहून घेतली की लग्न संपले असे आपल्याकडे अनेकांना वाटते. हिंदू विवाह कायदा रूढीने होणारा घटस्फोट मान्य करतो खरा, पण ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. म्हणजे ज्या जातीच्या रूढी आपण दीक्षाभूमीवर सोडून आलो, त्याच रूढीचे पुरावे कोर्टात शोधत बसायचे! तसा पुरावा नसेल तर तो स्टॅम्पपेपर रद्दी, पहिले लग्न कायम आणि त्यावर केलेले दुसरे लग्न शून्य. दुसऱ्या बाईला पत्नी म्हणून काहीही मिळत नाही, मग तिने म्हाताऱ्याची पंचवीस वर्षे सेवा केलेली असो. तिच्या मुलांना मात्र कलम १६ खाली औरसपण आहे आणि आईबापाच्या मालमत्तेत वाटा आहे. एकत्र कुटुंबातल्या बापाच्या हिश्श्यापर्यंत तो पोचतो हे रेवणसिद्दप्पा खटल्यात २०२३ साली स्पष्ट झाले. त्या बाईला घर द्यायचे असेल तर पुरुषाने जिवंतपणी तसे लिहून ठेवले पाहिजे. कुटुंब निवृत्तीवेतन मात्र मृत्युपत्राने देता येत नाही. ते मृताच्या मालमत्तेत मोडतच नाही, नियमात बसणाऱ्या माणसालाच मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सांगितले आहे. पेन्शन पहिलीला आणि घर दुसरीला, अशी व्यवस्था करून गेलेले शहाणे लोकही मी पाहिले आहेत. दोन्हीकडच्या बायका शेवटी एकमेकींशी बोलत होत्या.

सावत्र मुलांचे काय? विधवेने पदरी मूल असताना पुनर्विवाह केला, नव्या नवऱ्याने त्या मुलाला आपले नाव दिले, शाळेच्या दाखल्यावर बाप म्हणून सही केली. तरीही ते मूल त्याचे वारस होत नाही. रीतसर दत्तक घ्या किंवा मृत्युपत्रात नाव लिहा, तिसरा रस्ता नाही. ‘लहानपणापासून सांभाळले’ या वाक्याला वारसाच्या कायद्यात किंमत नाही. पुतण्या, भाचा, रेशनकार्डावर चढवलेला पोरगा, सगळ्यांना हाच नियम. पुनर्विवाहामुळे पहिल्या नवऱ्याकडून मिळालेला वाटा जातो अशीही एक जुनी धमकी आहे. एकदा वारशाने मिळालेला तिचा हिस्सा पूर्ण तिचा, लग्न केले तरी तिचाच.

आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्ने आपल्या चळवळीने मनापासून स्वीकारली आहेत. त्यांत एक बारकावा आहे, तो विवाह नोंदणीच्या टेबलावर कोणी सांगत नाही. बौद्ध मुलाने हिंदू मुलीशी विशेष विवाह कायद्याने लग्न केले तर वारसा हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच चालतो. पण त्याच कायद्याने त्याने ख्रिस्ती किंवा मुस्लिम मुलीशी लग्न केले, तर दोघांच्याही मालमत्तेला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. तिथे विधवेला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश. आई? मुले असतील तर आईला शून्य. ज्या माउलीने धुणीभांडी करून त्याला इंजिनीअर केले, तिचा वाटा मुलाच्या लग्नाच्या कायद्याने निघून जातो आणि हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. अशा जोडप्यांना मी लग्नाच्या महिन्यातच सांगते, फोटोचा अल्बम होईल तेव्हा होईल, आधी दोघांची मृत्युपत्रे करा आणि त्यात दोन्हीकडच्या आईबापांचा विचार करा.

लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांना वारसा कायद्यात जागा नाही. दोन स्त्रियांचे वा दोन पुरुषांचे घर असेल तर त्यांना विवाहाचा हक्क देण्यास सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला. तृतीयपंथी व्यक्तीच्या पश्चात तर ज्या घराने तिला हाकलले तेच घर वारस म्हणून उभे राहू शकते. आयुष्यभर वाळीत टाकणाऱ्यांना मेल्यावर रक्ताचे नाते आठवते! मृत्युपत्र हे या साऱ्यांचे एकमेव संरक्षण आहे. आपल्या समाजातही अशी घरे आहेत. नाहीत असे म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही.

आता सर्वांत जास्त फसविणारा शब्द : नॉमिनी. बँकेच्या फॉर्मवर एक नाव लिहिले की काम झाले असे नव्वद टक्के लोक मला ठामपणे सांगतात (हा आकडा माझ्या टेबलापुरता, सर्वेक्षणाचा नव्हे). नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त, मालक नव्हे. बँकेची जबाबदारी त्याला पैसे देऊन संपते, वारसांचा हक्क संपत नाही. कंपनीच्या शेअर्सबाबतही हेच, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात सांगितले. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने आईबाप, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच होते, हा अपवाद. गृहनिर्माण सोसायटीत तर महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद. तेव्हा थोरल्याला नॉमिनी करून धाकट्याला ‘तुझे पण त्यात आहे’ असे तोंडी सांगणे म्हणजे दोघांच्या हातात काठ्या देणे. लग्नाआधी आईचे नाव लिहिले आणि पुढे बदलायचे राहिले, हेही सर्रास. ते आज तपासा.

चाळीतल्या पागडीच्या खोलीबद्दल विशेष सांगते, कारण मुंबईत आपली अर्धी हयात तिथे गेली. ती खोली मालकीची नाही, भाडेहक्क आहे, आणि भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली ठरवून टाकले आहे. भाडेकरू गेल्यावर तिथे त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला हक्क मिळतो. म्हणून जो मुलगा किंवा मुलगी तिथे खरोखर राहते तिचे रेशनकार्ड, मतदार यादी, वीजबिल त्या पत्त्यावर आहे ना, एवढे पाहावे.

आणि गावची जमीन. महार वतन १९५८ च्या कायद्याने संपले, जमिनी कब्जेहक्काची रक्कम भरून परत मिळाल्या, पण नवीन अविभाज्य शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. आज अशा एकेका गटाच्या सात-बारावर पन्नास-साठ नावे आहेत, त्यांतली निम्मी माणसे हयात नाहीत. शहराजवळच्या गावात दलाल फिरू लागला की त्यातल्या चार जणांच्या सह्या घेऊन साठेखत होते आणि बाकीच्यांना नोटीस आल्यावर कळते. मेलेल्या माणसाच्या जागी वारसांची नावे लागण्यासाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचे असते. आपल्याकडे तीस वर्षे कोणी जात नाही, कारण ‘येतंय काय त्यातून?’ येते, रस्त्याचे भूसंपादन आले की येते, आणि मोबदला वाटताना नाव नसलेल्यालाच वाट पाहायला लावतात. वारसनोंदीत मुलींची नावे गाळण्याची जी पद्धत गावच्या पाटलांच्या वाड्यात आहे ती आपणही उचलली, याची खंत वाटते. हक्कसोडपत्रावर बहिणीची सही साडीचोळीवर घेणाऱ्या भावाने जयंतीच्या स्टेजवर हिंदू कोड बिलावर भाषण करू नये. शर्तीच्या जमिनीचे मृत्युपत्र करण्याआधी वकिलाला कागद दाखवाच. कुळकायद्याच्या जमिनीबाबत २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने परक्या माणसाच्या नावे केलेले मृत्युपत्रही हस्तांतराच्या मनाईत धरले आहे.

घरात मतिमंद किंवा बहुविकलांग मूल असेल तर नुसते त्याच्या नावे घर लिहून भागत नाही, ते घर चालवणार कोण? राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालक नेमते. मृत्युपत्रात विश्वस्त नेमून, भाडे वा व्याज त्या मुलाच्या औषधपाण्यावरच खर्च होईल असे लिहिता येते. विश्वस्त एकच न ठेवता दोन ठेवावेत आणि त्यातला एक कुटुंबाबाहेरचा असावा.

आणखी एक मालमत्ता आपण मोजतच नाही. आपल्या शाहिरांची गाणी, लेखकांची पुस्तके, कार्यकर्त्यांचे पत्रव्यवहार आणि जुन्या नियतकालिकांच्या फाइली. लेखनावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो आणि तो मृत्युपत्राने देता येतो. बिनलग्नाच्या कार्यकर्त्याच्या खोलीतून चार पोती कागद रद्दीवाल्याकडे जाताना पाहिले की वाटते, एका ओळीत ‘माझे ग्रंथ अमुक वाचनालयाला’ लिहिले असते तर! विहाराला किंवा संस्थेला द्यायचे असेल तर न्यासाचे नोंदलेले पूर्ण नाव व क्रमांक लिहा. ‘आमच्या विहाराला’ एवढेच लिहिले की दोन कार्यकारिण्या भांडतात.

कागद कसा करायचा? स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, मराठीत स्वतःच्या हाताने लिहिलेले चालते. सही किंवा अंगठा दोन साक्षीदारांसमोर करायचा आणि त्यांनीही सही करायची. साक्षीदार वयाने आपल्यापेक्षा लहान, धडधाकट आणि ज्यांना काही मिळणार नाही असे निवडा. कारण उद्या त्यांतल्या एकाला तरी न्यायालयात उभे राहावे लागेल. ज्या मुलाला घर द्यायचे त्यानेच वकील आणला, त्यानेच टाईप करून घेतले, त्यानेच रिक्षात बसवून नेले, असे झाले की मृत्युपत्र संशयाच्या फेऱ्यात सापडते. म्हातारपणी करत असाल तर त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवून टाका. ज्याला वगळले त्याला का वगळले हे दोन ओळींत लिहा, शिव्या न देता. शेवटी ‘याखेरीज जी काही मालमत्ता निघेल ती’ कोणाला, हे वाक्य विसरू नका.

हयातीतच बक्षीसपत्र करून टाकावे का, असे बरेच जण विचारतात. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे यांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे, त्यामुळे मोह होतो. पण बक्षीस दिले की घर गेले. मृत्युपत्र उद्या फाडून नवे करता येते. द्यायचेच असेल तर ‘आमचा शेवटपर्यंत सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द त्या दस्तात घाला. मग मुलाने सांभाळले नाही तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली प्राधिकरणाकडे तो दस्त रद्द करून मागता येतो. अट लिहिलेली नसेल तर भांडण फार अवघड होते.

मूळ मृत्युपत्र लॅमिनेट करू नका, शाई उडते आणि कागद तपासता येत नाही. ते प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, घराच्या कागदांसोबत ठेवा. झेरॉक्स ज्याला व्यवस्थापक नेमले त्याच्याकडे द्या, आणि कपाटाची चावी कुठे असते ते दोनपैकी एका साक्षीदाराला सांगून ठेवा.